हलक्या शिकारी रायफलवर स्कोप: आधी रायफल मोजा, मग दुकानात जा

हलकी रायफल घेणारा माणूस ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब करतो. कार्बन फायबरचा दस्ता, सडपातळ नळी, जागोजागी कोरून हलका केलेला बोल्ट, या सगळ्याचे जास्तीचे पैसे मोजतो. आणि मग तिच्यावर पाऊण किलोचा स्कोप, म्हणजे नेम धरायची भिंगांची नळी, चढवतो. पुढच्या हंगामात तीच रायफल हातात डुलते, ग्रुप (लक्ष्यावर पडणारा गोळ्यांचा झुबका) विस्कटतो, धक्क्याने मागे आलेला स्कोप लागून एखाद्याची भुवई फुटते आणि दोष मात्र रायफलच्या माथी येतो.

हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण निवडीचा क्रमच उलटा असतो. आधी मॅग्निफिकेशन (किती पट मोठं दिसेल ते) ठरतं, मग पुढच्या भिंगाचा आकार, मग त्यावर बसतील त्या रिंगा, म्हणजे स्कोप धरणारी कडी. वजन सगळ्यात शेवटी कळतं, तेही खोकं हातात घेतल्यावर. खाली दिलेला क्रम रायफलपासून सुरू होतो. पायऱ्या गाळू नका आणि पुढेमागेही करू नका, कारण एका पायरीवर निघालेला आकडा पुढच्या पायरीत लागतो.

इथे हलकी रायफल म्हणजे स्कोपशिवाय साधारण २.३ ते २.८ किलोची, सेंटरफायर काडतुसाची (ठिणगी बुडाच्या मध्यावर पडते अशा) बोल्ट ॲक्शन, म्हणजे दांडा हाताने मागेपुढे करून भरायची रायफल. रिमफायर किंवा एअर रायफलचं गणित वेगळं आहे.

## तयारी: काय काय जवळ हवं

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर, मास्किंग टेप, पेन्सिल, जाड पुठ्ठा, कात्री, ओळंबा आणि टॉर्क (स्क्रू किती जोराने आवळला ते) दाखवणारा स्क्रू ड्रायव्हर. शेवटच्या वस्तूवर लोक पैसे वाचवतात आणि मग तिथेच फसतात. स्कोपच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ असते. हाताच्या अंदाजाने आवळलेले स्क्रू मात्र चांगल्यातला चांगला स्कोप वाया घालवतात.

एक वहीही ठेवा. प्रत्येक माप त्यात लिहा.

थांबा आणि तपासा: मॅगझिन बाहेर. चेंबर रिकामं, डोळ्याने पाहून आणि बोट घालून खात्री केलेलं. बोल्ट काढून बाजूला. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मोजमाप आणि बसवण्याचं सगळं काम याच अवस्थेत करायचं, बोल्ट फक्त तो चालवून पाहण्यापुरता घालायचा. मधे चहाला उठलात, तर परत आल्यावर पुन्हा तपासायचं.

## १. वजनाची मर्यादा आधी ठरवा

रायफल नुसती तोला. मग पट्टा आणि भरलेलं मॅगझिन (ते दुसऱ्या खोलीतच तोलून) यांचं वजन वेगळं लिहा. आता स्कोप, रिंगा आणि बेस (रायफलवरची, रिंगा जिच्यावर बसतात ती पट्टी) या तिन्हींचं मिळून किती वजन चालेल ते ठरवा. मी स्वतः नुसत्या रायफलच्या वजनाचा सहावा भाग ही मर्यादा धरतो. रायफल २.५ किलोची असेल तर सुमारे ४१५ ग्रॅम. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, वापरातून ठरलेला आहे. पण तो पाळला की पुढच्या अर्ध्या चुका होतच नाहीत.

या मर्यादेत काय बसतं? २-७×३३ किंवा ३-९×४० जातीचे (पहिले दोन आकडे किमान आणि कमाल पट, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये) साधे, २५.४ मिमी नळीचे स्कोप साधारण ३०० ते ४०० ग्रॅमचे असतात. ॲल्युमिनियमच्या हलक्या रिंगा आणि बेस मिळून ६० ते १०० ग्रॅम. म्हणजे जेमतेम, पण बसतं. उलट ५० मिमी भिंगाचा, ३० मिमी नळीचा, मोठ्या झूमचा स्कोप सहज ६०० ग्रॅमच्या वर जातो. त्याला भक्कम स्टीलच्या रिंगा लावल्या की रायफलवर पाऊण किलो चढलंच.

वजन का सांभाळायचं, याची तीन कारणं आहेत. पहिलं सगळ्यांना माहीत आहे: दिवसभर ते खांद्यावर असतं. दुसरं तोल. स्कोप नळीच्या वर बसतो, म्हणून त्याचं वजन रायफलचा गुरुत्वमध्य वर ओढतो. जड रायफलला ते जाणवत नाही. हलकी रायफल मात्र हातात बाजूला कलंडू पाहते आणि ती सरळ धरण्यातच मनगट दमतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. तेच काडतूस वापरलं, तर रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का मोठा. एखादं काडतूस ३.६ किलोच्या रायफलमध्ये २० ज्यूलचा धक्का देत असेल, तर २.७ किलोच्या रायफलमध्ये तोच धक्का जवळपास २७ ज्यूलचा होतो. रायफल झटक्यात मागे येते. स्कोप जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या मानाने तो पुढे सरकू पाहतो. त्याला धरून ठेवायचं काम रिंगांचं आणि चार-सहा बारीक स्क्रूंचं. स्कोपचं वजन दुप्पट झालं की त्यांच्यावरचा ताणही दुप्पट होतो.

माझ्या पहिल्या हलक्या रायफलवर मी असाच जड स्कोप लावला होता. चाळीसेक गोळ्यांनंतर ग्रुप बिघडला. रिंगा सोडल्या तर स्कोपच्या काळ्या नळीवर मागच्या रिंगेच्या कडेला दोन मिलिमीटर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटलेला. रंग खरवडून धातू दिसत होता. प्रत्येक गोळीगणिक स्कोप केसभर पुढे सरकत होता आणि मी दर वेळी क्लिक फिरवून नेम दुरुस्त करत बसलो होतो.

नेहमीचा आक्षेप: जड स्कोप धक्का कमी करतो. हे खरं आहे. २.९ किलोच्या रायफलवर ३०० ग्रॅम वाढवले तर धक्क्याची ऊर्जा नऊ-दहा टक्क्यांनी घटते. पण तेच ३०० ग्रॅम स्क्रूंवर आणि तोलावर बसतात. धक्का सोसत नसेल तर सौम्य काडतूस घ्या किंवा दस्त्याला चांगलं रबरी पॅड लावा.

## २. रायफलवर जागा किती आहे ते मोजा

ही पायरी जवळपास प्रत्येक जण गाळतो. हलका स्कोप आखूड असतो, आणि लांब ॲक्शनच्या रायफलवर आखूड स्कोप कित्येकदा बसतच नाही.

दोन तुकड्यांचे बेस असतील तर पुढच्या आणि मागच्या रिंगेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते १३० मिमी आलं. आता स्कोपच्या माहितीपत्रकातलं मापांचं चित्र पाहा. नळीचा सरळ भाग टरेटच्या (नेम जुळवायच्या गुंड्यांच्या) पुढे ५० मिमी, टरेटचा ठोकळा ३५ मिमी, मागे ४५ मिमी, असा एकूण १३० मिमी आहे असं धरू. वरवर पाहता जमलं असं वाटतं. पण रिंगेलाही रुंदी असते. २० मिमी रुंद रिंगा दोन्ही टोकांना पूर्ण बसायच्या तर त्यांच्या मध्यांमधलं अंतर ११० मिमीच्या वर जाऊ शकत नाही. स्कोप बसणार नाही. आणि कसाबसा बसवला तरी डोळ्याच्या सोयीने पुढेमागे सरकवायला जागा उरणार नाही, ही त्याहून मोठी अडचण.

यावर उपाय तीन: एकसंध रेल (पुढून मागेपर्यंत जाणारा एकच बेस), पुढे किंवा मागे झुकलेल्या रिंगा किंवा सरळ नळी जास्त असलेला दुसरा स्कोप. रेलचं वजन पहिल्या पायरीच्या हिशेबात धरायला विसरू नका.

मग आणखी चार जागा बघा. बोल्टचा दांडा वर उचलताना मागच्या भिंगाच्या घेराला लागतो का? रिकामं काडतूस बाहेर पडताना टरेटवर आपटेल का? पुढच्या भिंगाचा घेर आणि रायफलची नळी यांच्यात निदान दोन-तीन मिमी फट राहते का, झाकण लावल्यावरसुद्धा? नळीवर मागची साइट असेल तर ती आड येते का?

हे सगळं खरेदीच्या आधी पाहण्याची सोपी युक्ती पुठ्ठा. माहितीपत्रकातल्या मापांवरून स्कोपची बाजूची आकृती जशीच्या तशी, खऱ्या मापात, पुठ्ठ्यावर काढा आणि कापा. टरेटचा ठोकळा, दोन्ही टोकांचे फुगीर घेर, सगळं. टेपने ती रायफलवर रिंगेच्या उंचीला उभी चिकटवा आणि बोल्ट घालून चालवून पाहा. पंधरा मिनिटांचं काम आहे. पुठ्ठ्याला बोल्ट घासला तर स्कोपलाही घासेल.

तपासणी: वहीत आता चार आकडे हवेत: वजनाची मर्यादा, रिंगांमधलं अंतर, बेसपासून रायफलच्या नळीपर्यंतची उंची आणि बोल्टच्या दांड्यामागे उरलेली जागा.

## ३. अंतर खरं लिहा, मग मॅग्निफिकेशन ठरवा

मागच्या हंगामात प्रत्यक्षात किती मीटरवरून गोळी झाडली ते लिहा. किती लांबवर झाडता येईल असं वाटतं, ते नको. बहुतेकांच्या वहीत ५० ते २०० मीटर येतं, क्वचित २५०. त्याला ९ पट पुष्कळ झालं.

हलक्या रायफलवर खालचा आकडा वरच्यापेक्षा महत्त्वाचा. ३ पटीला १०० मीटरवर साधारण १० ते १२ मीटर रुंदीचा देखावा दिसतो, ९ पटीला चार-पाच मीटरचा. झाडीत जनावर ४० मीटरवरून अचानक निघालं आणि झूम वर राहिलेला असेल, तर स्कोपमध्ये फक्त पानं आणि केस दिसतात. कुठल्या अंगाचे ते कळेपर्यंत जनावर गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट, हलकी रायफल हातात जास्त हलते. जास्त झूममध्ये ते हलणं मोठं दिसतं. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून नाचायला लागली की माणूस ती बरोबर मधे येण्याची वाट पाहतो आणि त्या क्षणी चाप हिसकतो. ६ पटीला हाच माणूस शांतपणे चाप दाबतो. म्हणून २-७, २.५-८ किंवा ३-९ एवढ्यावर थांबा. दाट रानासाठी स्थिर ४ पटीचा स्कोपही उत्तम. त्यात हलणारे भाग कमी, वजन कमी.

इशारा: दूरचं पाहता यावं म्हणून मोठा झूम घेऊ नका. पाहायला दुर्बीण असते. स्कोपमधून शोधाशोध करणं म्हणजे जे अजून ओळखलंच नाही त्याच्यावर रायफल रोखणं. ती हालचाल माणसाचीही असू शकते. आधी दुर्बिणीने ओळखा, गोळी कुठे थांबेल ते पाहा, मगच रायफल उचला.

## ४. पुढचं भिंग: भागाकार करा

पुढच्या भिंगाच्या व्यासाला मॅग्निफिकेशनने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ४० मिमीला ९ ने भागा: ४.४ मिमी. ३६ ला ६ ने: ६ मिमी. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. वय वाढेल तशी ती कमी उघडते, पन्नाशीच्या आसपास बऱ्याच जणांची ५ मिमीच्या आगेमागे. झोत बाहुलीपेक्षा मोठा असेल तर जादाचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही.

म्हणजे संध्याकाळी अंधूक दिसतंय म्हणून ५० मिमीचं भिंग घ्यायची गरज नाही. झूम ९ वरून ६ वर आणा. ३६ किंवा ४० मिमीचं भिंग तेवढ्याने डोळ्याला हवा तेवढा प्रकाश देतं. ५० मिमीच्या भिंगाला उंच रिंगा लागतात, स्कोप वर जातो, गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि मान ताणून नेम धरताना डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो.

३० मिमी नळी जास्त प्रकाश देते हा समजही सोडा. तिच्यामुळे टरेटला फिरायला जास्त वाव मिळतो, बस. २०० मीटरच्या कामाला तो वाव लागत नाही, वजन मात्र लागतं.

कोटिंगबद्दल एवढंच: सगळ्या भिंगांच्या सगळ्या बाजूंवर अनेक थरांचं कोटिंग आहे का ते पाहा. दुकानात झगझगीत दिव्याकडे पाहून काही कळत नाही, तिथे सगळेच स्कोप छान दिसतात. परवानगी घेऊन दिवेलागणीला दाराशी जा आणि झाडाच्या बुंध्याजवळच्या सावलीत साल ओळखू येते का ते पाहा. दोन स्कोप एकाच झूमवर ठेवून तुलना करा.

## ५. डोळ्यापासूनचं अंतर: इथे तडजोड नको

मागच्या भिंगापासून डोळा किती दूर असताना पूर्ण गोल चित्र दिसतं, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. हलक्या सेंटरफायर रायफलवर ते ९० मिमीच्या खाली नको. १०० मिमी मिळालं तर उत्तम.

पत्रकात बहुधा दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०५ ते ९०. बऱ्याच झूम स्कोपमध्ये झूम वाढवला की हे अंतर कमी होतं. तुमच्या कामाचा आकडा लहान असलेला. एकच आकडा दिला असेल, तर दुकानात झूम पूर्ण वर नेऊन स्वतः तपासा.

अंतराइतकंच महत्त्वाचं आहे ते सैलपण. डोळा सेंटिमीटरभर पुढेमागे, थोडा डावीउजवीकडे हलवला तरी चित्र टिकतं, की लगेच काळी चंद्रकोर येते? घाईत, तिरप्या जमिनीवर, जाड जाकिटात गाल कधीच नेमका ठरल्या जागी पडत नाही. चंद्रकोर लगेच येणारा स्कोप कितीही स्वच्छ दिसला तरी परत ठेवा.

चढावर वर नेम धरताना आणि पोटावर झोपून झाडताना डोकं आपोआप पुढे, स्कोपजवळ जातं. भुवया फुटतात त्या याच दोन प्रसंगी. बाकावर बसून सगळं ठीक वाटलेलं असतं. माझी भुवई अशीच फुटली होती, चढावर पालथं पडून झाडताना. तीन टाके पडले. त्याहून वाईट म्हणजे पुढचे कित्येक महिने चाप दाबायच्या आधीच डोळे मिटत होते. खोक आठवड्यात भरली, ती सवय मोडायला वर्ष गेलं.

## ६. रेटिकल, टरेट, पॅरॅलॅक्स

यावर सगळ्यात जास्त चर्चा होते आणि हलक्या शिकारी रायफलला यांचा फरक सगळ्यात कमी पडतो.

रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची खूण, साधं घ्या: बाहेर जाड आणि मधे बारीक होत जाणारी क्रॉसहेअर. ती दुसऱ्या फोकल प्लेनमधली (झूमच्या भिंगांच्या मागे, डोळ्याकडे बसवलेली) असेल तर झूम बदलला तरी तितकीच जाड दिसते, आणि अंधूक उजेडात खालच्या झूमवरही सापडते. पहिल्या फोकल प्लेनमधली क्रॉसहेअर खालच्या झूमवर केसासारखी बारीक होते, नेमकी झाडीत हवी असते तेव्हाच. दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये क्रॉसहेअरच्या मध्याखालच्या, लांब अंतरासाठीच्या खुणा वापरायच्या असतील तर त्या एकाच झूमवर बरोबर असतात, बहुधा सर्वांत वरच्या. हे विसरून मधल्या झूमवर खुणेने नेम धरणं ही नेहमीची चूक.

टरेटवर टोपी हवी. पाठीवर, झुडपांतून, गाडीत रायफल घासत असते, आणि उघडं टरेट नकळत फिरतं.

एक क्लिक (टरेटची एक खाच) म्हणजे किती? एमओए आणि मिल ही कोनाची मापं आहेत. पाव एमओएची क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमी सरकवते, ०.१ मिलची बरोबर १० मिमी. दोन्ही चालतात. फक्त रेटिकल एका मापात आणि टरेट दुसऱ्या मापात असा स्कोप घेऊ नका.

पॅरॅलॅक्ससाठी, म्हणजे डोळा बाजूला सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते त्यासाठी, वेगळी गुंडी लागत नाही. शिकारी स्कोप बहुधा १०० मीटरच्या आसपास पॅरॅलॅक्स राहणार नाही असे बसवलेले असतात. ४० मिमी भिंगाच्या अशा स्कोपमध्ये डोळा अगदी कडेला असला तरी २०० मीटरवर चूक जास्तीत जास्त २ सेंमीची. गुंडीचे ग्रॅम वाचवा.

## ७. बसवण्याचा क्रम

खराब स्कोप म्हणून परत आलेल्या कितीतरी स्कोपना काहीच झालेलं नसतं, ते नीट बसवलेले नसतात. घाई करू नका, एक संध्याकाळ राखून ठेवा.

बेसची भोकं आणि स्क्रू यांवरचं तेल द्रावकाने पुसून काढा. पुढच्या बेसचा स्क्रू लांब नाही ना ते आधी पाहा: स्क्रू आवळा, बोल्ट घाला, चालवा. तो अडखळला किंवा घासला तर स्क्रू आतल्या खाचेत डोकावतोय. तो जबरदस्तीने चालवू नका, आखूड स्क्रू लावा. मग मध्यम ताकदीच्या, पुढे सुटू शकणाऱ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून बेस बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवर आवळा.

रिंगांचा खालचा भाग बसवा. रेल असेल तर रिंग तिच्या खाचेत पुढे ढकलून, पुढच्या भिंतीला टेकवून मग आवळा. धक्क्याच्या वेळी स्कोप पुढे जाऊ पाहतो हे आठवा. मागे फट ठेवली तर काही हरकत नाही. पुढे फट ठेवली तर ती पहिल्या काही गोळ्यांत भरून निघेल आणि झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणी) हलेल.

स्कोप ठेवा, वरचे भाग नुसते अडकवा, स्कोप सरकेल इतके सैल. आता अंतर ठरवायचं:

झूम सर्वांत वर. हंगामात घालाल तेच जाकीट अंगात. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल सहज पडेल तिथे पडू द्या, डोळे उघडा. पूर्ण गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर डोकं हलवू नका, स्कोप हलवा. उभं राहून, बसून, पालथं पडून, असं प्रत्येक वेळी डोळे मिटून करा. पालथं पडून जी जागा मिळेल ती धरा आणि तिथून स्कोप आणखी ५ मिमी पुढे. रिंगेच्या कडेला नळीवर टेपची पट्टी चिकटवून खूण करा.

मग क्रॉसहेअर सरळ करा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा अंगणात ओळंबा टांगा. रायफल टेकूवर सरळ, आणि स्कोप एवढा फिरवा की उभी रेघ दोरीशी जुळेल. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. रायफल ५ अंश कलली, तर गोळी ३०० मीटरपर्यंत जेवढी खाली येते त्याच्या बाराव्या भागाइतकी ती आडवी जाते. उतार ७८ सेंमी असेल तर जवळजवळ ७ सेंमी.

रिंगांचे स्क्रू आडव्या जोडीने, थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एक बाजू मिटली आणि दुसरी उघडी राहिली तर पूर्ण सैल करून पुन्हा सुरुवात. बऱ्याच रिंगांना १.७ ते २ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क लागतो, तरी रिंगेसोबतच्या कागदावरचा आकडा शेवटचा. या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नका. तो वंगणासारखं काम करतो आणि तेवढ्याच टॉर्कवर स्क्रू जास्त आवळला जातो. स्कोपची पातळ नळी त्याने चेपते.

आवळताना क्रॉसहेअर थोडी फिरते, म्हणून शेवटी ओळंब्याशी पुन्हा ताडून पाहा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर आणि रिंगेवरून नळीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की काहीतरी सरकलं, हे पाहताक्षणी कळेल.

तपासणी: बोल्ट मोकळा चालतो. टरेट, भिंगाचे घेर, झाकणं कुठेही टेकत नाहीत. रायफलची नळी आणि पुढचा दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी नळीच्या मुळापर्यंत सरकते.

## ८. क्रॉसहेअर डोळ्याला जुळवा

झीरो करण्याआधी, नंतर नाही. स्कोप उजळ भिंतीकडे किंवा निरभ्र आकाशाकडे करा, दोन सेकंद पाहा, नजर काढा. पहिल्या क्षणी क्रॉसहेअर धूसर वाटली तर मागचं कडं थोडं फिरवून पुन्हा. बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि दिवसाअखेर डोकं दुखतं. सूर्याच्या दिशेने स्कोप कधीही नेऊ नका, क्षणभरसुद्धा.

## ९. झीरो: पातळ नळीला वेळ द्या

मान्य फायरिंग रेंजवर, कानांवर आणि डोळ्यांवर संरक्षक साधनं (डोळ्यांना चष्मा) घालून. आधी बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचं लक्ष्य मधोमध पाहा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. मग २५ मीटरवर एक-दोन गोळ्या. इथे क्लिक चौथा हिस्साच सरकवते, पाव एमओएची जेमतेम १.८ मिमी. ७ मिमी धरून मोजलं की चार पट चुकतं. १०० मीटरचा झीरो हवा असेल तर २५ वर गोळी मधोमध नको, एक-दोन सेंमी खाली लागली तर बरोबर आहे.

मग १०० मीटर. तीन गोळ्या, ग्रुपचा मध्य काढा, तेवढ्या क्लिक फिरवा. एकेका गोळीमागे टरेट फिरवत बसलात तर झीरो कधीच सापडणार नाही.

पातळ नळी लवकर तापते आणि तापली की गोळी सरकते. तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा, दहा मिनिटं लागली तरी. रानात तुमच्या कामाची असते ती गार नळीतून सुटलेली पहिली गोळी, सहावी नाही.

टेकू पुढच्या दस्त्याखाली, नळीखाली कधीच नको. हलके दस्ते दाबाखाली वाकून नळीला टेकतात, म्हणून टेकू फार पुढेही नको. एक हात पुढच्या दस्त्यावर ठेवा, नाहीतर हलकी रायफल टेकूवरून उडी मारते आणि ग्रुप वर चढतो.

झीरो झाल्यावर टरेट तपासा. २० क्लिक वर जाऊन एक गोळी, २० उजवीकडे जाऊन एक, २० खाली, २० डावीकडे. चौथी गोळी झीरोवर परत यायला हवी आणि चारही भोकांचा चौकोन व्हायला हवा.

ग्रुप विस्कटला तर याच क्रमाने पाहा: नेलपॉलिशच्या रेघा, बेसचे स्क्रू, रिंगांचे स्क्रू, नळीखालची कागदाची पट्टी, दस्त्याचे स्क्रू, मग दुसऱ्या जातीचं काडतूस. स्कोप सगळ्यात शेवटी. आणि त्याच्यावर शंका आलीच, तर चांगला चालतो अशी खात्री असलेला दुसरा स्कोप त्याच रिंगांत लावून पाहा, मगच परत पाठवा.

वीस गोळ्यांनंतर सगळे टॉर्क पुन्हा तपासा. काडतुसाचा प्रकार आणि लॉट, झीरोचं अंतर, प्रत्येक स्क्रूचा टॉर्क आणि टरेटवरचा आकडा वहीत लिहा. काडतूस बदललं की झीरो नव्याने करायचा. हंगामाच्या आदल्या आठवड्यात, रायफल प्रवास करून पोहोचली की तिथे, आणि ती एकदा जरी आपटली तरी: गार नळीतून एक गोळी १०० मीटरवर झाडा, वहीशी ताडा.